एकच यंत्र, फायरवॉल मात्र अनेक

बेळगावात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे. शेजारच्या कंग्राळीहून तिथल्या किंवा आसपासच्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकायला जाणाऱ्यांनी एक समज लवकर सोडलेला बरा: एका यंत्राला एकच फायरवॉल असते, हा.

मार्को झेक या झाग्रेबच्या संशोधकाने फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये नेटवर्क स्टॅकच्या स्वतंत्र प्रती कशा चालवता येतात, हे २००३ मध्ये दाखवले. लिनक्समध्ये अशीच सोय, म्हणजे नेटवर्क नेमस्पेस, २००८ च्या सुमारास आली. प्रत्येक प्रतीचे इंटरफेस वेगळे, राउटिंग वेगळे आणि फायरवॉलचे नियमही वेगळे.

डॉकरचे कंटेनरही सहसा अशाच वेगळ्या नेमस्पेसमध्ये चालतात. म्हणून ‘यजमान लिनक्सवरच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलने पोर्ट बंद केले, आता कंटेनर सुरक्षित’ हा समज तर धोक्याचाच. डॉकर पोर्ट उघडतो तेव्हा नॅटचा नियम पॅकेटचा पत्ता आधीच बदलतो. मग ते पॅकेट ‘इनपुट’ साखळीत न येता ‘फॉरवर्ड’कडे वळते. आपला नियम ‘डॉकर-यूझर’ साखळीत लिहावा लागतो.

‘लॉगमध्ये काहीच नाही, म्हणजे पॅकेट अडलेच नाही’ हेही चूक. कंटेनरने यजमानाचा लॉग भरून टाकू नये म्हणून लिनक्स मूळ नेमस्पेसबाहेरच्या ‘लॉग’ नियमांच्या नोंदी सहसा लिहीतच नाही. त्या हव्या असतील तर ‘एनएफ_लॉग_ऑल_नेटएनएस’ ही सेटिंग सुरू करावी, किंवा थेट त्या नेमस्पेसमध्ये शिरून नियमांसमोरचे पॅकेटचे आकडे वाढतात का ते पाहावे. आकडे खोटे बोलत नाहीत.

सर्वांत अवघड चूक नियमांत नसतेच. ती असते वेळेत. फ्रीबीएसडीत नवा इंटरफेस आला की कर्नल इव्हेंट पाठवतो आणि पीएफ फायरवॉल त्याची दखल घेते. स्वतःचा नेटवर्क स्टॅक असलेला जेल, म्हणजे फ्रीबीएसडीतला कंटेनर, बंद होताना त्या स्टॅकमधली पीएफ आधीच मोडलेली असेल आणि इव्हेंट उशिरा पोहोचला, तर मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लागून सबंध यंत्र कोसळू शकते. म्हणून पीएफचा कोड आधी तपासतो, की या स्टॅकमध्ये आपण अजून चालू आहोत का. नसल्यास तो तिथूनच परततो. फ्रीबीएसडी १२.० पासून, म्हणजे २०१८ पासून, स्वतंत्र नेटवर्क स्टॅकची सोय नेहमीच्या कर्नलमध्येच येते, त्यामुळे असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो.

अशी चूक सापडली तर फ्रीबीएसडीच्या विकासकांना नुसती नियमांची फाइल पाठवू नका. कर्नलची आवृत्ती, बॅकट्रेस आणि जेल व इंटरफेस कोणत्या क्रमाने सुरू-बंद केले, हे जरूर कळवा.