वायुगळतीची वर्दी देणारे नॅनोकण

अलिबागजवळच्या थळ येथील आरसीएफच्या खत कारखान्यात युरियासाठी अमोनिया तयार केला जातो. फुफ्फुसांना घातक ठरणाऱ्या या वायूची गळती नाकाला कळते खरी. पण नाक वासाला सरावते. टिन ऑक्साइडचा थर सरावत नाही. तो सुमारे ३०० अंश सेल्सिअसला तापविला, की हवेतील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर चिकटतो, इलेक्ट्रॉन अडवितो आणि विद्युतरोध वाढतो. अमोनियाचा या ऑक्सिजनशी संयोग होताच इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध घटतो आणि भोंगा वाजतो. कण नॅनोमीटरच्या मापाचे असतील, तर पृष्ठभाग वाढून अत्यल्प वायूही टिपला जातो. किनाऱ्यावर खरी अडचण पावसाळ्याची! बाष्पानेही रोध घटतो. त्यामुळे आर्द्रतेचा परिणाम वजा न केल्यास गळती नसतानाही भोंगा वाजू शकतो.