वास त्याचा, वाटी आपली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संत नामदेवांची एक गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस रे बाबा म्हणून. त्यातली भूतदया थोरच. पण मी पडलो जनावरांचा डॉक्टर. पुण्यात बरीच वर्षं दवाखाना चालवताना मला असे नामदेव रोज भेटतात. काही वेळा तर एकाच घरात चार-चार! प्रत्येकाच्या हातात एक वाटी असते, आणि तिची खबर दुसऱ्याला नसते.

मागे एकदा कोथरूडचं एक कुटुंब आलं. सत्तरी ओलांडलेले आजोबा, त्यांची सून, शाळकरी नातू आणि साखळीला पाच वर्षांचा लॅब्रॅडोर राजा. सूनबाईंनी टेबलापाशी बसताच विचारलं, "डॉक्टर, याला ठेवून घेणारं एखादं चांगलं घर आहे का तुमच्या माहितीत?" कारण ऐकायला हसू यावं असं होतं. राजाला गॅसेस होत. हॉलमध्ये पाहुणे बसले की हा सोफ्याखालून असा वास सोडायचा, की पाहुणे चहा अर्धा टाकून उठायचे. फ्लॅट लहान, पावसाळ्यात खिडक्या बंद. राजा रात्री आजोबांच्या खोलीत झोपायचा. आजींच्या पश्चात तीच त्यांची सोबत होती. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त साखळी हाताला आणखी एक वेढा देऊन धरून बसले. त्या वेढ्याकडे पाहिल्यावर मला हसू आलं नाही.

आता हा वारा पोटात येतो कुठून, ते आधी पाहू. वाटा दोन. पहिली तोंडाची. घाईनं खाणारा कुत्रा घासाबरोबर हवाही गिळतो. लॅब्रॅडोर तर खादाडपणात अव्वल. २०१६ साली ब्रिटनमधल्या संशोधकांना असं आढळलं, की जवळपास पाव लॅब्रॅडोरांमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. आखूड नाकाच्या जातींचंही तेच. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत तो छोटा पग मुलामागून धावला आणि घरोघरी पग आले. त्यांच्या दबलेल्या नाकामुळे ते तोंडानं श्वास घेत जेवतात आणि भरपूर हवा गिळतात. बॉक्सर, बुलडॉग हे त्यांचेच भाऊबंद.

दुसरी वाट मोठ्या आतड्याची. लहान आतड्यात जे पचलं नाही ते पुढे सरकतं, आणि तिथले जिवाणू ते आंबवतात. इडलीचं पीठ रात्रभरात फुगतं ना, तसाच हा प्रकार. गंमत म्हणजे या वायूचा नव्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग बिनवासाचा असतो. नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड यांना वास नाही. नाक मुठीत धरायला लावतो तो उरलेला एक टक्क्याहून कमी भाग, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू. तेव्हा आवाज फार आणि वास कमी असेल, तर गिळलेल्या हवेचा संशय घ्यावा. आवाज नाही पण घर रिकामं होतंय, तर वाटीत काय पडतंय ते बघावं.

मी त्या कुटुंबाला औषध दिलं नाही. एक शंभर पानी वही आणायला सांगितली. "आठ दिवस राजाच्या तोंडात जे जाईल ते, ज्यानं दिलं त्यानं, वेळेसकट लिहायचं. कुणी कुणाला रागवायचं नाही."

आठ दिवसांनी वही आली. सकाळी सहाला आजोबांच्या चहाबरोबर दोन खारी. आठला सूनबाईंकडून दूध-पोळी. दुपारी कामाच्या मावशींकडून उरलेला फ्लॉवरचा रस्सा आणि भात. चारला नातवाकडून चीजचा तुकडा. घर शाकाहारी, म्हणून 'त्याला प्रोटीन मिळावं' यासाठी संध्याकाळी मूठभर सोयाबीन वड्या. रात्री पाकिटातलं कोरडं खाणं, आणि झोपताना आजोबांकडून पुन्हा अर्धा कप दूध. वही वाचताना सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही रात्री दूध देता?" आजोबा म्हणाले, "एवढंसंच गं!" त्या घरात प्रत्येक जण एवढंसंच देत होता.

एकेक पदार्थ घेऊ. दूध-पोळी हा आपल्याकडचा कुत्र्याचा परंपरागत आहार. पण दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं पाचकद्रव्य पिल्लू मोठं होईल तसं कमी होत जातं. मग ते दूध जिवाणूंच्या वाट्याला जातं. काही कुत्र्यांना थोडं दूध चालतं, पण गॅसेस असतील तर पहिल्यांदा बंद करायचं ते दूध. बिनमिठाचं ताक किंवा थोडं दही त्यामानानं सोसतं, कारण विरजणानं त्यातली बरीच साखर आधीच खाल्लेली असते.

सोयाबीन, राजमा, हरभरा, वाटाणा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडणारं पाचकद्रव्य ना कुत्र्याकडे आहे, ना आपल्याकडे. वालाची उसळ खाल्ल्यावर आपलं जे होतं तेच त्याचं होतं. फरक इतकाच, की तो दुसऱ्या खोलीत जात नाही! कोबी-फ्लॉवरमध्ये त्याच साखरा आणि वर गंधक. डाळ द्यायचीच तर सालं काढलेली मूगडाळ द्यावी, काही तास भिजवून, ते पाणी फेकून, मऊ शिजवून. या साखरा पाण्यात बऱ्याचशा उतरतात.

मग कुत्र्याला धान्य द्यावं की नाही? पुष्कळ जण सांगतात, कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला फक्त मांस. हे पूर्ण खरं नाही. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर जगताना त्याचं पोट आपल्या चुलीशी जुळलं. तेव्हा शिजवलेला भात त्याला पचतो. गॅसेस असलेल्या कुत्र्यासाठी तांदूळ हे धान्यांमधलं सर्वांत सोयीचं. मऊ, किंचित जास्त शिजवलेला भात द्यावा. ज्वारी-बाजरीची भाकरी त्यामानानं जड, आणि अर्धीकच्ची असेल तर अधिकच.

प्रथिनं हवीतच, पण पचणारी. बिनकातड्याचं उकडलेलं चिकन किंवा उकडलेलं अंडं. शाकाहारी घरात अंडं चालत असेल तर प्रश्न बराच सुटतो. नसेल तर थोडं ताजं पनीर सोसतंय का ते पाहावं. मात्र मांस-अंडी फार झाली, तर न पचलेल्या प्रथिनांमधूनही गंधकाचाच वास येतो. म्हणजे इथंही प्रमाण सांभाळायचं. आणि नामदेवांची क्षमा मागून सांगतो, तूप बेतानंच. स्निग्ध पदार्थ एकदम फार झाले तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमचे दवाखाने कशानं भरतात हे वेगळं सांगायला नको.

घरचं जेवण सोयीचं असलं तरी एक इशारा. नुसता भात आणि चिकन हे दोन-तीन आठवड्यांचं पथ्य आहे, आयुष्याचा आहार नव्हे. त्यात कॅल्शियम आणि इतर क्षार पुरेसे नसतात. वाढत्या पिल्लाची हाडं त्यानं कमजोर होतात. कायम घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्या.

पाकिटातलं घेणार असाल तर पुढच्या बाजूचं चित्र पाहू नका, मागचा बारीक मजकूर वाचा. घटक साधारणपणे वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. पहिल्या तीन-चार नावांत सोया, वाटाणा, डाळी दिसत असतील, तर गॅसेसच्या कुत्र्यासाठी ते पाकीट परत फळीवर ठेवा. मांसाचं नाव स्पष्ट हवं, त्यासोबत तांदूळ असेल तर उत्तम. स्निग्धांश मध्यम, तंतू बेताचे. महाग म्हणजे पचणारं असं समजू नका. एकाच्या पोटाला मानवलेलं दुसऱ्याला मानवेलच असंही नाही.

खाणं बदलताना घाई नको. आतड्यातल्या जिवाणूंनाही नव्या अन्नाची सवय व्हावी लागते. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण, असं आठ-दहा दिवसांत पूर्ण बदला. एका वेळी एकच बदल करा. नाहीतर गुण कशानं आला हे कळणार नाही.

खाऊ घालण्याची पद्धतही महत्त्वाची. एकदा भरपूर देण्याऐवजी दिवसातून दोन-तीनदा थोडं द्या. घाईनं खात असेल तर पसरट परातीत पसरून द्या, किंवा भांड्यात मधोमध एक मोठी वाटी उपडी ठेवा, म्हणजे भोवतीनं टिपून खावं लागतं. दोन कुत्रे असतील तर वेगळ्या खोल्यांत जेवायला घाला. जेवणानंतर शांत फेरी मारून आणा, त्यानं वारा बाहेरच सुटतो. धावपळ, उड्या, चेंडू मात्र नको.

हिंग-ओव्याचं पाणी द्यावं का, असं खूप जण विचारतात. त्याचा गुण येतो याला भरवशाचा पुरावा मला आढळलेला नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोळशाची भुकटी, युका वनस्पती आणि जस्ताचा क्षार घातलेला खाऊ कुत्र्यांना दिला होता. वास कमी झाला, पण वारा सुटण्याची संख्या तेवढीच राहिली. म्हणजे मूळ कारण जागेवरच. घरातल्या माणसांच्या गोळ्या तर मनानं मुळीच देऊ नका. आणि शिऱ्यातले बेदाणे, मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट हे कुत्र्याला विषासमान आहेत हे लक्षात ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. बाहेर सुटणारा वारा त्रास देतो, आत अडकलेला वारा जीव घेतो. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत कधीकधी पोट हवेनं फुगतं आणि स्वतःभोवती पीळ घेतं. खूण अशी : पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, कुत्रा अस्वस्थ, लाळ गळते, उलटीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, घरगुती उपाय करत बसू नका. रात्री दोन वाजता का होईना, शस्त्रक्रियेची सोय असेल तिथं पोहोचा. तिथं तासांचा हिशेब असतो. आपल्या भागात रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, तो नंबर आजच लिहून भिंतीवर लावा.

याशिवाय गॅसेससोबत जुलाब, उलट्या, शौचातून रक्त किंवा वजन घटणं असेल, तर नुसतं खाणं बदलून थांबू नका. जंत, आतड्याची सूज असं काही असू शकतं. विशेषतः जर्मन शेफर्ड भरपूर खाऊनही रोडावत असेल आणि शौच फिकट, तेलकट, खूप होत असेल, तर स्वादुपिंडातून पाचकरस कमी येत असल्याची शंका घेऊन रक्त तपासावं लागतं.

राजाला यांपैकी काही नव्हतं. त्याचं दूध, सोयाबीन, फ्लॉवर, चीज आणि खारी बंद झाली. घरात अंडं चालत नव्हतं, म्हणून तांदूळ आणि मांस असलेलं पाकीटबंद खाणं आठ-दहा दिवसांत हळूहळू सुरू केलं, दिवसातून तीनदा, परातीत. वाटी एकाच्याच हाती द्यायची ठरली, आणि ती आजोबांच्या हाती द्यायचं सूनबाईंनीच सुचवलं. वहीही चालू राहिली.

सहा आठवड्यांनी आजोबा एकटेच आले, राजाच्या लशीसाठी. मी विचारलं, "काका, वास गेला का?" ते म्हणाले, "अगदीच गेला असं कसं म्हणू? कुत्रा आहे तो. पण आता आम्ही दोघं खिडकी लावून झोपतो."

नवं घर शोधायचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. तुमच्या घरी असा कुणी राजा असेल, तर त्याच्यावर रागावण्याआधी एक शंभर पानी वही आणा. आठ दिवस खरं खरं लिहा. उत्तर बहुधा त्यातच सापडेल, आणि अक्षर बहुधा आपल्याच घरातल्या कुणाचंतरी असेल.