पाहुणे खेळाडू : आपले की बाहेरचे?

क्रिकेटचा सीझन संपला की क्रिकेट संपतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी मे महिन्यात एकदा हॉस्टेलच्या कूलरसमोर येऊन बसावं. मॅच एकही नसते, पण भांडणं रोजची! कोण टीम सोडून चाललं, कोण येणार, तीन नंबरला कोणाला पाठवायचं... आणि शेवटी गाडी एकाच स्टेशनावर येऊन थांबते : "काहून बे, बाहेरचे कशाला पाहिजेत? आपल्या इकडचे पोट्टे मेले का?"

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनी या रिकामटेकड्या चर्चेला चक्क नाव देऊन ठेवलंय : 'हॉट स्टोव्ह लीग'. हिवाळ्यात तिकडे मैदानं बंद असतात, मग लोक शेगडीभोवती बसून आपल्या टीमने कोणाला घ्यावं, कोणाला सोडावं यावर वाद घालतात. आमच्या गडचांदूरला मे महिन्यात वेगळी शेगडी लागत नाही. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की अख्खं गावच हॉट स्टोव्ह असतं!

मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी. मराठी विभागासाठी लिही म्हटल्यावर आधी घाम फुटला. पण विषय आपल्या विदर्भाच्या टीमचा आहे, तेव्हा भाषा थोडी सांभाळून घ्या.

आपली टीम नक्की कोणती?

पुणे-मुंबईकडच्या रूममेट्सना हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. महाराष्ट्र राज्य एकच असलं तरी रणजी ट्रॉफीत त्याच्या तीन टीम उतरतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. चंद्रपूर-गडचिरोलीचा पोरगा चांगला खेळला तर त्याचा रस्ता पुण्याला नाही, नागपूरला जातो. गडचांदूरपासून जामठ्याचं स्टेडियम जवळपास दोनशे किलोमीटर. लांब आहे, पण दार तेच.

विदर्भ रणजीत १९५७-५८ पासून खेळतोय. पहिलं विजेतेपद मिळालं २०१७-१८ मध्ये, म्हणजे तब्बल साठ वर्षांनी! मधल्या काळात विदर्भ म्हणजे मोठ्या टीमना पॉइंट वाटणारी टीम, अशीच ख्याती होती. विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू म्हणजे उमेश यादव, तोही थेट २०११ मध्ये. खाणकामगाराचा हा मुलगा. आपल्या कोळशाच्या पट्ट्यात त्याच्याबद्दल इतकी आपुलकी का, हे वेगळं सांगायला नको.

पाहुणा खेळाडू म्हणजे काय?

आयपीएलमध्ये खेळाडू लिलावात विकत घेतले जातात. २०२४ च्या नोव्हेंबरमधल्या लिलावात प्रत्येक टीमकडे १२० कोटींची पर्स होती. शिवाय टीम आपसात खेळाडूंची 'ट्रेड' करू शकतात. २०२३ मध्ये हार्दिक पांड्या गुजरातकडून मुंबई इंडियन्सकडे गेला तो असाच, आणि त्यावरून आमच्या मेसमध्ये पंधरा दिवस धड जेवण झालं नाही.

राज्यांच्या टीममध्ये लिलावही नाही आणि ट्रेडही नाही. तिथे चालते एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र. खेळाडूने आपल्या असोसिएशनला सांगायचं की मला दुसरीकडे खेळायचंय. तिने एनओसी दिली की दुसरी असोसिएशन त्याला करारावर घेते. अशा खेळाडूला 'प्रोफेशनल' किंवा 'गेस्ट प्लेयर' म्हणतात. एका टीमला असे जास्तीत जास्त तीनच घेता येतात. हे अर्ज-कागद सगळे उन्हाळा-पावसाळ्यात फिरतात. म्हणून आमच्या वादाचा सीझनही तोच!

एनओसी मागितली म्हणजे जावंच लागतं असंही नाही. यशस्वी जैस्वालने २०२५ च्या एप्रिलमध्ये मुंबई सोडून गोव्याकडे जायला एनओसी मागितली आणि पुढच्याच महिन्यात विचार बदलला. तो मुंबईतच राहिला. अर्जुन तेंडुलकर मात्र २०२२ मध्ये गोव्याला गेला आणि रणजीच्या पहिल्याच सामन्यात शतक ठोकलं. मुंबईच्या टीममध्ये जागेसाठी ताटकळत बसण्यापेक्षा दुसरीकडे खेळायला मिळालं तर कोणाला नको आहे?

खेळाडूला हे स्वातंत्र्य कुठेच आपोआप मिळालेलं नाही. अमेरिकेत बेसबॉलचा खेळाडू एकेकाळी जन्मभर एका क्लबला बांधलेला असायचा. क्लबच्या मनात आलं की त्याला दुसऱ्या शहरात पाठवून द्यायचे. १९६९ मध्ये कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूने अशा ट्रेडला नकार दिला आणि तो कोर्टात गेला. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात तो हरला, पण त्याने पेटवलेला वाद विझला नाही. १९७५ च्या अखेरीस ते बंधन सैल झालं.

आले ते काय देऊन गेले?

आता मूळ भांडणाकडे येऊ.

२०१७-१८ च्या विजेत्या टीममध्ये मुंबईचा वसीम जाफर आणि कर्नाटकचा गणेश सतीश होते. कोच चंद्रकांत पंडित, तेही मुंबईचे. 'बाहेरच्यांनी जिंकून दिलं' म्हणणारे इथेच थांबतात. पण इंदूरच्या फायनलचा स्कोअरकार्ड पूर्ण वाचा. दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक कोणाची? रजनीश गुरबानीची. शतक कोणाचं? अक्षय वाडकरचं, १३३. कॅप्टन कोण? फैज फजल. तिघेही आपले! आणि आपल्या ब्रँचसाठी खास बातमी : गुरबानी सिव्हिल इंजिनिअर आहे. तेव्हा 'डिग्री आणि क्रिकेट एकत्र जमत नाही' हे घरच्यांचं वाक्य त्यांना परत करायला हरकत नाही.

पुढच्या वर्षी, २०१८-१९ मध्ये, विदर्भाने जामठ्यात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून पुन्हा रणजी जिंकली. जाफरने त्या मोसमात हजारावर धावा केल्या, तेही चाळिशी ओलांडल्यावर. फायनलमध्ये अकरा विकेट्स घेतल्या आदित्य सरवटेने.

मग करुण नायर. इंग्लंडविरुद्ध २०१६ मध्ये त्रिशतक करणारा हा माणूस पुढे कर्नाटकच्या टीममधूनही बाहेर पडला होता. २०२३-२४ ला तो विदर्भात आला. २०२४-२५ च्या विजय हजारे ट्रॉफीत त्याने ७७९ धावा केल्या, आणि त्याच मोसमात केरळविरुद्धच्या रणजी फायनलमध्ये ८६ आणि १३५. पण मला त्या फायनलमधली शतकापेक्षा वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. विदर्भाची अवस्था ३ बाद २४ होती. तिथून नायर आणि दानिश मालेवार यांनी २१५ धावांची भागीदारी केली. दानिश तेव्हा एकवीस वर्षांचा, पहिलाच मोसम. म्हणजे आपल्या थर्ड इयर-फायनल इयरच्या वयाचा! त्याने १५३ केल्या. समोर तीनशे मारलेला माणूस उभा असताना एकवीस वर्षांच्या पोराने दिवसभर बॅटिंग करणं, हे शिक्षण कुठल्या क्लासमध्ये मिळतं?

त्या फायनलमध्ये विदर्भाच्या अकरा जणांत बाहेरचे दोनच होते, नायर आणि दिल्लीचा ध्रुव शौरी. बाकी नऊ घरचे. हर्ष दुबेने मोसमात ६९ विकेट्स घेऊन रणजीचा विक्रम केला. कोच उस्मान गनी, आपल्याच विदर्भाचे. ती फायनल अनिर्णित राहिली आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा चॅम्पियन झाला.

अजून एक गंमत बघा. विदर्भाने पाहुणे घेतले ते बहुतेक बॅट्समन. बॉलिंग मात्र घरचीच राहिली : उमेश, गुरबानी, वखरे, सरवटे, दुबे. जिथे कमतरता होती तिथेच माणूस आणला, जिथे भरपूर होतं तिथे उगाच आणला नाही. लाइन-अपच्या वादात हा मुद्दा कोणी काढत नाही, पण मला तोच सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

पण जागा कोणाची गेली?

विरोधी पार्टीचंही ऐकलं पाहिजे, कारण त्यांचं म्हणणं पोकळ नाही. टीममध्ये जागा अकराच. पाहुणा आला की कोणाचा तरी नंबर जातो. तो 'कोणीतरी' कदाचित राजुऱ्याचा, वरोऱ्याचा किंवा देसाईगंजचा असेल, दहा वर्षं पहाटेच्या गाडीने सिलेक्शनला जात असेल. २०२१ च्या नियमाप्रमाणे रणजीत अकरात खेळणाऱ्याला दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मानधन मिळतं. चार दिवसांचा सामना धरा आणि हिशोब करा. गरीब घराचं आयुष्य बदलून टाकणारी ही रक्कम आहे. त्यामुळे हा नुसता भावनेचा प्रश्न नाही, पोटाचाही आहे.

आमच्या गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीच्या पट्ट्यात हा वाद क्रिकेटच्याही आधीपासून चालू आहे. सिमेंटच्या कंपन्या आल्या, जमिनी गेल्या, आणि नोकऱ्यांच्या वेळी 'स्थानिक की बाहेरचा' हा प्रश्न प्रत्येक घरात आला. म्हणूनच आमच्याकडची पोरं पाहुण्या खेळाडूच्या नावावर एवढी पेटतात. भांडण नायरशी नसतंच, भांडण असतं गेटवर लागलेल्या यादीशी.

पण मग दुसरी बाजूही मोजा. आपलेही लोक बाहेर पाहुणे आहेतच! आदित्य सरवटे केरळकडे गेला आणि २०२५ च्या त्याच फायनलमध्ये जामठ्यावर आपल्याच विरुद्ध ७९ धावा करून बसला. गुरबानी महाराष्ट्राकडून खेळला. अमरावतीचा जितेश शर्मा २०२५ मध्ये बडोद्याला गेला. ते गेले तेव्हा आपण 'गद्दार' म्हणालो नाही, 'जाऊ द्या, पोराचं भलं होऊ द्या' म्हणालो. मग आपल्याकडे येणाऱ्यालाही तोच न्याय नको का? आणि उद्या कॅम्पसमधून पुण्याला, बंगळुरूला नोकरी लागली की आपण सगळे तिकडचे 'बाहेरचे'च असणार आहोत.

सेंट्रिंगचा नियम

सिमेंटच्या गावचा आहे, तेव्हा उदाहरण सिमेंटचंच देतो. स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग लावतात. ओल्या काँक्रीटचं वजन टेकू उचलतात. स्पॅनप्रमाणे सात ते चौदा दिवसांनी टेकू काढतात, आणि काँक्रीटची अपेक्षित ताकद अठ्ठावीस दिवसांवर मोजतात. आणि स्लॅब टाकल्यावर सुरुवातीचे दिवस रोज पाणी मारावं लागतं, हे विसरायचं नाही.

पाहुणा खेळाडू म्हणजे सेंट्रिंग. सेंट्रिंग लावलं म्हणून घरमालकाचा अपमान होत नाही. पण ते कायमचं ठेवायचं नसतं. आणि ते काढल्यावर स्लॅब खाली आला, तर दोष टेकूचा नसतो. पाणी कोणी मारलं नाही, ते विचारायचं असतं.

विदर्भाची परीक्षा २०२५ मध्ये झाली. नायर कर्नाटकला परत गेला, जितेशही गेला. हॉस्टेलमध्ये सुतक! "आता संपलं बे सगळं." ऑक्टोबरमध्ये जामठ्यावर इराणी कप झाला आणि विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवलं. अथर्व तायडेने १४३ केल्या, यश राठोडने ९१. शौरी होताच, म्हणजे एक टेकू अजून उभा होता. पण स्लॅब पडला नाही, हे सगळ्यांनी बघितलं.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या उन्हाळ्यात कूलरसमोर भांडायला बसाल तेव्हा 'बाहेरचा पाहिजे की नको' एवढंच विचारू नका. तीन प्रश्न विचारा. ज्या जागेवर आणला तिथे खरंच आपल्याकडे कोणी नव्हतं का? त्याच्या बाजूला उभं राहून आपला कोण शिकतोय? आणि तो गेल्यावर त्या जागेवर कोण येणार, हे आज ठरलंय का? तिन्ही उत्तरं बरोबर आली तर पाहुण्याला चहा पाजा. नाही आली तर खुशाल बोंबला, मी पण तुमच्यासोबत!

हेच तीन प्रश्न कंपनीच्या गेटवरही विचारता येतात. पण तो विषय पुढच्या अंकाला... संपादक मंडळाने परत बोलावलं तर!