‘उचल’ नाम की क्रियापद?

ऊसतोडीला निघण्याआधी मुकादमाकडून घेतात ती उचल. फडात मोळी बांधून झाली की सोबत्याला म्हणतात, ‘उचल’. उसाला तोड येते, आणि कोयता हाती घेतलेल्याला सांगतात, ‘जमिनीलगत तोड’. वडवणी तालुक्यातल्या पोराला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. तेच पोर शाळेत ‘वॉटर’ म्हणजे पाणी असं पाठ करतं आणि पुढे ‘वॉटर द प्लांट्स’ वाचून अडखळतं. मग घरचे म्हणतात, इंग्रजीला नियमच नाही.

हा सगळ्यात नुकसान करणारा गैरसमज. नियम आहे, आणि तो इतिहासातून आला आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत प्रेमाला ‘लुवु’ आणि प्रेम करण्याला ‘लुवियन’ असे वेगळे शब्द होते. पुढच्या काही शतकांत शेवटचे प्रत्यय झिजले आणि दोन्हींचा ‘लव्ह’ झाला. नाम-क्रियापदं अशी एकसारखी दिसू लागल्यावर नामाचं थेट क्रियापद करण्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडेही ‘नांगर’ अवजार आहे आणि ‘रान नांगर’ ही आज्ञाही, वखराचंही तसंच. इंग्रजीतला ‘प्लाउ’ हेच करतो. फरक एवढाच, की मराठीत ‘नांगरतो’, ‘नांगरलं’ असे प्रत्यय लगेच जात सांगतात. इंग्रजीत प्रत्यय थोडे, म्हणून वाक्यातली जागा बघावी लागते.

जागा ओळखण्यासाठी ‘टूनंतर क्रियापदच’ असं सर्रास शिकवतात. ते अर्धवट आहे. ‘आय वॉन्ट टू वर्क’ मध्ये वर्क क्रियापद आहे, ‘आय गो टू वर्क’ मध्ये नाम. आधी ‘माय’ किंवा ‘द’ असेल तर नामाची अपेक्षा ठेवावी, ‘कॅन’ किंवा ‘विल’ असेल तर क्रियापदाची.

आपल्या मुलांची खरी अडचण वेगळीच आहे. मराठी बोलताना आपण इंग्रजी शब्दाला ‘करणे’ जोडतो: कॉल करतो, चेक करतो. त्या सवयीने मूल ‘आय विल डू कॉल यू’ लिहितं. तिथे ‘डू’ नको. ‘कॉल’ एकटाच क्रियापद आहे. ही चूक आळसाची नाही, मातृभाषेच्या वळणाची आहे. त्यासाठी मुलाला रागावू नये.

उच्चार नेहमी सारखाच राहतो, हेही खरं नाही. ‘रेकॉर्ड’ नाम असताना जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर. ‘यूस’ म्हणजे उपयोग, ‘यूझ’ म्हणजे वापरणे. स्पेलिंग मात्र एकच. ‘आन्सर’मध्ये काहीच बदलत नाही. आणि सारखे दिसणारे सगळे शब्द सख्खे नसतात: अस्वल या अर्थाचा ‘बेअर’ आणि सोसणे या अर्थाचा ‘बेअर’ यांची मुळं वेगळी आहेत.

नव्या पिढीने नामांची क्रियापदं करून भाषा बिघडवली, ही तक्रार इंग्रजांच्या देशातही ऐकू येते. ‘इम्पॅक्ट’वरून तर फार. पण तो शब्द सतराव्या शतकात आधी क्रियापद म्हणूनच लिहिला गेला. नाम अठराव्या शतकातलं.

महाराष्ट्रात 2000 पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. शिक्षकांना एवढीच विनंती: वहीत ‘वॉटर म्हणजे पाणी’ एवढंच उतरवून देऊ नका. शेजारी दोन वाक्यं लिहा, एक पाणी पिण्याचं, एक झाडांना पाणी घालण्याचं.