विश्लेषण : स्नीकर विकून नफा कमवायचा, तर ब्रँड कोणता निवडावा?

जालना जिल्ह्याच्या उत्तरेला, बुलढाण्याच्या सीमेलगतचा जाफराबाद तालुका कापूस, सोयाबीन आणि मक्याचा. नाइकी, आदिदासचे बूट पाहून, पायात घालून घ्यायचे तर इथला तरुण सहसा छत्रपती संभाजीनगर गाठतो. मोबाइलवर मात्र त्याला मुंबई-पुण्याच्या मुलांना दिसते तेच दिसते. कुणीतरी दहा हजारांचा जोड तीस हजारांना विकला, कुणी कॉलेजात असताना बूट विकून दुकान उभे केले. असे व्हिडीओ पाहिल्यावर पहिला प्रश्न हमखास पडतो, ‘कोणत्या ब्रँडचे बूट घेऊन ठेवायचे?’ प्रश्न साधा आहे, पण त्यात घरातली बचत गुंतणार असेल तर उत्तर नीट तपासून घ्यायला हवे.

फेरविक्रीचा हा बाजार चालतो कसा?

कंपनी एखादा बूट मुद्दाम मोजक्या संख्येने काढते. मागणी जास्त, जोड कमी. मग कंपनीच्या ॲपवर किंवा मुंबईतील सुपरकिक्ससारख्या अधिकृत दुकानांत काही बुटांसाठी म्हाडाच्या घरांसारखी सोडत निघते. ज्याचे नाव लागते त्याला बूट छापील किमतीत मिळतो. ज्याला मिळत नाही, तो जास्त पैसे मोजून त्याच्याकडून घेतो. या दोन किमतींमधला फरक ही फेरविक्रेत्याची कमाई.

या वेडाची सुरुवात सहसा १९८५ पासून सांगितली जाते. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनच्या नावाने नाइकीने ‘एअर जॉर्डन १’ बाजारात आणला तो त्या वर्षी, ६५ डॉलरला. २०१६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातून ‘स्टॉकएक्स’ सुरू झाले आणि बुटांचे सौदे शेअर बाजारासारखे होऊ लागले. घेणारा आपला भाव लावतो, विकणारा आपला सांगतो, दोन्ही जुळले की सौदा. मोंढ्यातला लिलाव पाहिलेल्याला हे समजायला वेळ लागणार नाही.

महाराष्ट्रात यश कुणाला मिळाले?

ठळक उदाहरण पुण्याचे आहे. वेदांत लांबा याने २०१७ च्या सुमारास, विशीही गाठलेली नसताना, स्नीकरवरचे यूट्यूब चॅनेल सुरू केले. त्यातून ‘मेनस्ट्रीट मार्केटप्लेस’ हा फेरविक्रीचा व्यवसाय उभा राहिला. पुढे झिरोधाचे सहसंस्थापक निखिल कामत यांनीही त्यात पैसे घातले.

या गोष्टीतला क्रम महत्त्वाचा आहे. आधी चॅनेल, मग दुकान. बूट कुठला चालतो, अस्सल कसा ओळखायचा, हे तो आधी लोकांना सांगत होता. त्यामुळे विकायला बसला तेव्हा गिऱ्हाईक आणि विश्वास दोन्ही जवळ होते. व्हिडीओ पाहून थेट माल भरणारे नेमकी हीच पायरी गाळतात.

मग ब्रँड कोणता?

याचे प्रामाणिक उत्तर असे की, नफा ब्रँडला चिकटलेला नसतो. तो विशिष्ट मॉडेलला, रंगाला, मापाला आणि वेळेला चिकटलेला असतो. चार उदाहरणांवरून हे स्पष्ट होते.

नाइकी आणि जॉर्डन : फेरविक्रीत सर्वाधिक नाव याच घराण्याचे. रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटसोबत २०१९ मध्ये काढलेला, उलट्या चिन्हाचा ‘जॉर्डन १’ आजही मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकला जातो. पण त्याच कंपनीचा काळा-पांढरा ‘डंक लो’, म्हणजे ‘पांडा’, पाहा. २०२१ च्या सुरुवातीला तो १०० डॉलरला आला आणि दुपटीहून जास्त भावाने हातोहात गेला. मागणी पाहून नाइकीने तो पुन्हापुन्हा बाजारात ओतला. शेवटी तो दुकानांच्या मांडणीवर पडून राहू लागला. चढ्या भावात साठा करणाऱ्यांचे पैसे अडकले. ब्रँड तोच होता, फक्त टंचाई संपली होती.

आदिदास यीझी : रॅपर कान्ये वेस्टसोबतची ही मालिका एकेकाळी फेरविक्रेत्यांचे हुकमी नाणे होती. त्याच्या ज्यूविरोधी वक्तव्यांनंतर २५ ऑक्टोबर २०२२ रोजी आदिदासने करार मोडला. हाती उरलेला प्रचंड साठा कंपनीने २०२३ आणि २०२४ मध्ये टप्प्याटप्प्याने विकून टाकला. एका माणसाच्या नावावर चाललेल्या मालाचे भवितव्य त्या माणसाच्या वागण्यावर ठरते.

आदिदास सांबा : मूळचा फुटबॉलचा हा जुना बूट २०२२ नंतर जगभर फॅशनमध्ये आला. एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक तो घालून मुलाखतीला बसले, तेव्हा ‘आता याची मजा गेली’ अशी टीका झाली आणि त्यांनी गमतीने माफीही मागितली. खप मोठा झाला, पण बूट सगळीकडे मिळत असल्याने साध्या रंगांच्या फेरविक्रीत हाती फारसे उरत नाही. लोकप्रियता आणि फेरविक्रीची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

न्यू बॅलन्स आणि असिक्स : गेल्या काही वर्षांत दोन्हींची मागणी वाढली. पण जास्त भाव मिळतो तो प्रामुख्याने एखाद्या डिझायनरसोबत मोजक्या संख्येने काढलेल्या जोडांना. दुकानात बारा महिने मिळणाऱ्या जोडाला वरचा भाव कुणी देत नाही.

थोडक्यात, घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. हा बूट कंपनी पुन्हा काढण्याची शक्यता किती? प्रत्यक्षात झालेले सौदे कोणत्या भावाचे आहेत? (विकणाऱ्यांनी सांगितलेले भाव धरू नयेत.) आणि हातातले माप लवकर सुटणारे आहे का? भारतात पुरुषांच्या मापांत यूके ७ ते १० ला गिऱ्हाईक जास्त, टोकाची मापे रेंगाळतात. मापांचा घोळही लक्षात ठेवावा. नाइकीच्या पुरुषांच्या बुटात यूके ८ म्हणजे यूएस ९, तर आदिदासच्या बुटात यूके ८ म्हणजे यूएस साडेआठ. एक चुकीचे माप पाठवले की परतीच्या कुरियरचा भुर्दंड बसतो.

एका जोडामागे खरे किती उरतात?

एक काल्पनिक हिशेब मांडू. जोड ११,००० ला घेतला, १४,००० ला विकला. वर तीन हजार दिसतात. विक्री करून देणाऱ्या मंचाचे कमिशन १२ टक्के धरले तर १,६८० रुपये गेले. त्यावरचा १८ टक्के जीएसटी ३०२ रुपये. कुरियर आणि दुहेरी खोक्याचे ३५० रुपये. उरले ६६८.

आता करनोंदणी असलेल्या विक्रेत्याचे पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के आणि त्यावरच्या किमतीला १८ टक्के जीएसटी आहे. १४,००० च्या विक्रीत सुमारे २,१३६ रुपये कराचे असतात. खरेदीच्या बिलावर स्वतःचा जीएसटी क्रमांक असेल तर ११,००० मधल्या सुमारे १,६७८ रुपयांची आणि कमिशनवरच्या कराची वजावट मिळते. शेवटी ५१२ रुपये उरतात. साध्या ग्राहकासारखी खरेदी केली असेल तर ती १,६७८ ची वजावट मिळत नाही आणि त्याच जोडावर १,१६६ रुपयांचा तोटा होतो. म्हणजे नफा-तोटा खरेदीच्या बिलावरच ठरतो.

नोंदणी सक्तीची केव्हा? राज्यातल्या राज्यात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत महाराष्ट्रात सवलत आहे. पण व्यवसाय म्हणून दिल्ली-बंगळूरुच्या गिऱ्हाइकाला एक जोड पाठवला, तरी तो आंतरराज्य व्यवहार ठरतो आणि तिथे उलाढालीची सवलत चालत नाही. जाफराबादहून मोबाइलवर विक्री करणाऱ्याचे गिऱ्हाईक बहुधा बाहेरच्या राज्यातलेही असणार, म्हणून हा मुद्दा आधीच लक्षात घ्यावा. वापरलेले बूट विकणाऱ्याला मात्र, खरेदीवर वजावट घेतली नसेल तर, फक्त फरकाच्या रकमेवर कर भरण्याची सोय नियमांत आहे.

छापील किमतीपेक्षा जास्त भाव घेता येतो का?

बहुतेक व्हिडीओ ज्यावर बोलत नाहीत तो मुद्दा हाच. वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार पॅकबंद वस्तू छापील कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त दराने विकायला किरकोळ विक्रेत्यालाच नव्हे, तर ‘इतर कोणत्याही व्यक्तीला’ मनाई आहे. भारतात एमआरपी छापून आलेला जोड जादा भावाने विकणारा या नियमाच्या कक्षेत येऊ शकतो. बाजारात असे सौदे उघड होतात, पण म्हणून नियम रद्द होत नाही. यात पैसे घालणाऱ्याने करसल्लागाराबरोबर वकिलालाही विचारलेले बरे.

अस्सल, बिलासह घेतलेला बूट पुन्हा विकणे हा ट्रेडमार्कचा भंग नाही. मात्र ‘फर्स्ट कॉपी’ विकणे हा सरळ गुन्हा आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार खोटे चिन्ह असलेला माल विकल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. दुबईहून बॅगेत आणलेल्या जोडांचेही सोपे नाही. प्रवाशाला मिळणारी सीमाशुल्काची सवलत स्वतःच्या वापराच्या वस्तूंसाठी असते, विक्रीच्या मालासाठी नाही. शिवाय १ ऑगस्ट २०२४ पासून पादत्राणांना बीआयएसच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशांची चौकट लागू झाली आहे.

‘ठेवून देऊ, भाव वाढेल’ हे कितपत खरे?

जाफराबादच्या शेतकऱ्याला हा विचार नवा नाही. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून अनेकांनी कापूस घरात भरून ठेवला. भाव आला नाही, उलट मालाची प्रत घसरली. बुटांचेही तसेच. ‘जॉर्डन ३’, ‘जॉर्डन ४’ यांसारख्या मॉडेलच्या तळव्यातील पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने काही वर्षांत ठिसूळ होते. एकदाही न घातलेला बूटही खोक्यातल्या खोक्यात भुगा होऊ शकतो. पांढरे तळवे पिवळे पडतात ते वेगळेच.

याउलट, हातात माल नसताना आगाऊ पैसे घेणेही तितकेच धोक्याचे. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये ‘झादेह किक्स’ या विक्रेत्याने २०२१ मध्ये एका जॉर्डन मॉडेलच्या सहा लाखांहून अधिक जोडांची नोंदणी घेतली आणि प्रत्यक्षात त्याला मिळाले जेमतेम सहा हजार, असे तिथल्या सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडले. २०२२ मध्ये तो धंदा कोसळला.

तालुक्याच्या गावात मग वाव कशाला?

फेरविक्रीच्या झगमगाटात एक गिऱ्हाईक नजरेआड राहते. मराठवाड्यात गावोगावी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले-मुली दिसतात, ती पोलीस भरतीची किंवा अग्निवीरची तयारी करणारी. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. यांना ‘जॉर्डन’ नको, पाय न सोलवटणारा, डांबरावर टिकणारा धावण्याचा बूट हवा. त्यांची खरेदी बहुतेक २,५०० रुपयांच्या आतली, म्हणजे ५ टक्के कराच्या टप्प्यातली. निव्हिया, कॅम्पस, स्पार्क्स यांसारखे देशी ब्रँड किंवा हंगाम संपताना सवलतीत निघणारे असिक्सचे जोड एमआरपीच्या आत विकूनही यात थोडे सुटू शकते. जादा भावाच्या नियमाची अडचण येत नाही आणि गिऱ्हाईक समोर असल्याने माप चुकण्याची भीतीही कमी.

एका जोडामागे यात शे-दोनशे रुपयेच सुटतील. पण भरतीची जाहिरात आली की मागणी कोणत्या आठवड्यात वाढेल, कोणत्या मापांची वाढेल, हे जाफराबादच्या मुलाला पुण्यातल्या विक्रेत्याच्या आधी कळते. महागड्या स्नीकरच्या बाजारात त्याला अशी आघाडी मिळत नाही. तिथे तो उशिरा पोहोचलेला गिऱ्हाईक असतो.

तरीही मोठ्या ब्रँडमध्ये उतरायचेच असेल, तर सुरुवात एक-दोन जोडांपासून, कर्ज न काढता, पक्क्या बिलावर आणि विक्री होईपर्यंत पैसे अडकून राहिले तरी चालतील एवढ्याच रकमेत करावी. पहिले दोन जोड सुटायला किती दिवस लागले आणि सगळा खर्च वजा जाता हाती काय आले, हे वहीत लिहून ठेवावे आणि तिसरा जोड घ्यायचा की नाही ते त्या हिशेबावरून ठरवावे.