ट्यूबवरची बारीक अक्षरे

गेल्या शाबानमध्ये आमची एक जुनी विद्यार्थिनी आईबरोबर घरी आली. शव्वालमध्ये निकाह ठरला होता, त्याचा दावतनामा द्यायला. अंगणातल्या उन्हातून आत आली आणि पंख्याखाली बसताच ओढणीच्या टोकाने चेहऱ्याला वारा घालू लागली. गाल लालबुंद, त्यांवर केसासारख्या बारीक लाल रेषा, हनुवटीवर मुरुमांची गर्दी, कानशिलांपाशी दाट लव. दहावीला आमच्या वर्गात होती तेव्हाचा तिचा चेहरा आम्हाला चांगला आठवतो. असा नव्हता.

"आपा, तुमची स्किन चांगली आहे. मला एखादं मॉइश्चरायझर सांगा ना," ती म्हणाली. "जे लावते ते झोंबतं. साधं पाणीसुद्धा झोंबतं. वजू करताना डोळ्यांत पाणी येतं."

आता कोणती क्रीम लावतेस, असे विचारल्यावर तिने पर्समधून एक लहानशी ट्यूब काढली. आठ महिने रोज रात्री लावत होती. औषधाच्या दुकानात "चेहरा उजळायला काहीतरी द्या" म्हटल्यावर मिळालेली, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. आम्ही चष्मा लावून मागची अक्षरे वाचली : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन, मोमेटासोन. शेवटचे नाव स्टेरॉइडचे.

ही ट्यूब आम्हाला अनोळखी नव्हती. दुसऱ्या बाळंतपणानंतर आमच्या दोन्ही गालांवर वांग आले होते, तेव्हा स्टाफरूममधल्या एका मैत्रिणीने अशीच एक ट्यूब दिली होती. तीन आठवड्यांत चेहरा असा उजळला की आम्ही स्वतः आणखी दोघींना ती सुचवली. पुढे काय झाले ते लिहायला आजही लाज वाटते. म्हणून हा लेख.

स्टेरॉइडचे मलम हे वाईट औषध नव्हे. इसब आणि इतर काही आजारांत डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी देतात आणि त्याचा गुण येतो. पण चेहऱ्याची त्वचा पातळ असते. तिथे महिनोन्‌महिने लावले की ती आणखी पातळ होते, आतल्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम येतात, लव वाढते आणि ऊन सोसवत नाही. थांबवावे तर दोन-चार दिवसांत चेहरा पेटल्यासारखा होतो. घाबरून बाई पुन्हा तीच ट्यूब लावते, आग शमते आणि तिला वाटते, आपल्याला हीच क्रीम मानवते. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळे नावच दिले आहे : स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. कागदावर.

आईचे म्हणणे वेगळे होते. "आपा, निकाह होईपर्यंत तरी लावू दे. मुलाकडच्यांनी तिला पाहिली तेव्हा ती उजळ होती. आता बंद केली आणि चेहरा सुजला तर लोक काय म्हणतील?" आईला दोष देणे सोपे आहे. पण रिश्ता पाहायला येणाऱ्या बायका चहाच्या कपाआडून मुलीचा रंग कसा जोखतात, हे आपण सगळ्याच जाणतो, आणि उद्या आपल्या मुलासाठी मुलगी पाहायला जाताना आपणही तेच करतो. मुलगी मात्र काही बोलेना. ट्यूब हातात फिरवत बसली होती.

आम्ही एवढेच सांगितले की आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि ट्रेटिनोइन गरोदरपणात लावत नाहीत, लग्न तर दोन महिन्यांवर आले आहे. दुसरे कारण आईला पटले. त्या आठवड्यात तिघी मिळून गेलो. ट्यूब कशी थांबवायची आणि त्या काळात कोणते औषध घ्यायचे हे डॉक्टरांनी ठरवून दिले. ते प्रत्येकीसाठी वेगळे असते, म्हणून इथे लिहीत नाही. बाकी त्यांनी फक्त तीन गोष्टी ठेवल्या : साधा सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. बेसन, मुलतानी माती, लिंबू, टूथपेस्ट, सगळे बंद. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा अक्षरशः भाजून काळे डाग पडतात, हे आम्हालाही त्या दिवशीच कळले. बर्गमोटचे तेल असलेल्या अत्तराचेही तेच, म्हणून अत्तर कपड्याला लावावे, मानेला नव्हे.

मग तिला घेऊन आम्ही दुकानात उभ्या राहिलो आणि पाकिटे उलटी करून वाचू लागलो. दुकानदार वैतागला, वैतागू दे.

त्वचेचा वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. पेशी या विटा आणि मधला चुना म्हणजे सिरॅमाइड नावाची स्निग्ध द्रव्ये. बिघडलेल्या त्वचेत हा चुना झडलेला असतो. आतले पाणी उडून जाते, बाहेरचे काहीही आत शिरून झोंबते. मॉइश्चरायझरचे काम उजळवण्याचे नाही, या फटी बुजवण्याचे आहे. म्हणून यादीत ग्लिसरीन, सिरॅमाइड, पेट्रोलॅटम, डायमेथिकोन अशी नावे असली की पुरे. व्हिटॅमिन सी, ग्लायकोलिक ॲसिड, रेटिनॉल यांचा गाजावाजा असेल तर ती बाटली झोंबणाऱ्या चेहऱ्यासाठी नाही, निदान सध्या नाही. वास नको. "अनसेन्टेड" लिहिलेल्या क्रीममध्येही मूळ वास झाकणारे सुगंधी द्रव्य असू शकते, म्हणून "फ्रॅग्रन्स-फ्री" पाहावे आणि तरी मागची यादी वाचावी. "नॅचरल", "हर्बल" या शब्दांना भुलू नये. बिब्बासुद्धा नॅचरलच असतो.

आपल्या घरांत हमखास निघणारा एक प्रश्न तिच्या आईने दुकानातच काढला : यात अल्कोहोल लिहिले आहे, कसे चालेल? सिटाइल अल्कोहोल, सिटिअरिल अल्कोहोल, स्टिअरिल अल्कोहोल ही नुसती नावाची अल्कोहोले आहेत. मेणासारखे घट्ट स्निग्ध पदार्थ, त्यांनी नशा होत नाही आणि त्वचा मऊ राहते. "अल्कोहोल डीनॅट" मात्र खरोखर स्पिरिट आहे. ते त्वचा कोरडी करते, त्यामुळे नाजूक त्वचेने ते तसेही टाळावे. ग्लिसरीन वनस्पतीचे की प्राण्याचे, हे नावावरून कळत नाही. काही पाकिटांवर हिरवा ठिपका असतो, तो पाहावा.

प्रकार त्वचेनुसार. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला जेल किंवा पातळ लोशन आणि "नॉन-कॉमेडोजेनिक" हा शब्द, कोरड्याला घट्ट क्रीम. आपल्या कोकणातल्या दमट हवेत घट्ट क्रीम मे महिन्यात चेहऱ्यावरून ओघळते, तेव्हा तीच बाई उन्हाळ्यात लोशन आणि थंडीत क्रीम वापरू शकते.

आणि वजू. चेहरा दिवसातून पाच वेळा धुणे हे त्वचेला त्रासाचे नाही, त्रास साबणाचा आणि कढत पाण्याचा. वजूला साबण लागतच नाही. कोमट किंवा साधे पाणी घ्यावे, टॉवेलने घासू नये, टिपावे, आणि चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. ओलसर त्वचेवर लावलेले ते पाणी धरून ठेवते. आम्ही मुसल्ल्याजवळच्या कोनाड्यात एक बाटली ठेवली आहे.

सनस्क्रीनचा गोंधळ मोठा. एसपीएफ 15 उन्हातील यूव्हीबी किरणांपैकी सुमारे 93 टक्के अडवते, 30 सुमारे 97 आणि 50 सुमारे 98. म्हणजे 50 च्या पुढे शंभराच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा त्याच ट्यूबवर पीए आणि पुढे अधिकची किती चिन्हे आहेत ते पाहावे. ते यूव्हीए किरणांचे माप आहे. ही किरणे ढगांतून आणि काचेतूनही येतात, म्हणून पावसाळ्यात सनस्क्रीन कपाटात ठेवून देणे चूक. झोंबणाऱ्या त्वचेला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे सनस्क्रीन बहुधा सोसते. त्याची खोट एकच, गव्हाळ रंगावर ते राखेसारखे पांढरे दिसते. त्यावर उपाय म्हणजे टिंट असलेले घ्यावे. त्या तपकिरी छटेतील आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवते, आणि वांग असलेल्या बायकांना त्याचीच गरज असते. साध्या सनस्क्रीनने वांग का हटत नाही, हे कोडे आम्हाला इतक्या वर्षांनी तिथे सुटले.

सगळ्यात मोठी चूक मापाची. तर्जनी आणि मधले बोट, या दोन बोटांवर लांबीभर पट्टी काढावी, तेवढे चेहऱ्याला आणि मानेला लागते. साधारण एक ग्रॅम. दिवसातून एकदाच लावली तरी पन्नास ग्रॅमची ट्यूब दोन महिन्यांच्या आत संपायला हवी. आमची ईदला घेतलेली ट्यूब दुसऱ्या ईदपर्यंत पुरायची आणि आम्ही म्हणायचो, सनस्क्रीनने काही होत नाही! उन्हात असाल तर दोन तासांनी पुन्हा लावायचे असते. नमाजी बाईला हे वेळापत्रक जड नाही. सकाळी शाळेला निघताना एकदा, जुहरच्या वजूनंतर एकदा, असरनंतर ऊन उरले असेल तर पुन्हा. वॉटरप्रूफ प्रकार मात्र जपून घ्यावा. वजूत पाणी त्वचेला लागले पाहिजे, तेव्हा थर धरणारे सनस्क्रीन आधी फेसवॉशने उतरवून मग वजू करावी. शंका असल्यास आपल्या मौलानांना विचारावे. रोजच्यासाठी साधे, धुऊन जाणारे बरे.

निकाब घेणाऱ्या भगिनींना वाटते, आपल्याला सनस्क्रीन कशाला. डोळ्यांभोवतीची पट्टी उघडी असते आणि वांग नेमके गालांच्या वरच्या हाडावर येते. शिवाय पातळ, विरळ कापडातून ऊन आत येते. नाकावरची शिवण घासून जिथे काळे पडते, तिथे आधी मॉइश्चरायझर लावावे, आणि कापड सुगंधी फॅब्रिक कंडिशनरमध्ये बुडवू नये.

आखातातून किंवा उमराहून येताना नातेवाईक प्रेमाने क्रीमच्या डब्या आणतात. त्यांच्याविषयी स्पष्ट लिहायला हवे. ज्या डबीवर घटकांची यादी नाही, बॅच नंबर नाही, आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक नाही, ती चेहऱ्याला लावू नये, कोणीही दिली असली तरी. काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असतो. 2023 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीम वापरणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. आपल्या अकोल्यातही एकाच घरातील तिघींचे असेच प्रकरण पुढे आले होते. आपल्याकडे चेहऱ्याच्या प्रसाधनात पाऱ्याची मर्यादा दहा लाखांत एक भाग इतकी, तीही नकळत आलेल्या अंशापुरती आहे. कोणती डबी ती पाळते हे घरबसल्या कळत नाही. आठवड्याभरात रंग उजळला तर खूश होण्याऐवजी संशय घ्यावा.

दुकानातून आम्ही दोनच वस्तू घेतल्या, पण दोन्ही एकदम चेहऱ्यावर लावल्या नाहीत. आधी मॉइश्चरायझर कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर. पुरळ नाही, खाज नाही, मग चेहऱ्यावर. त्यानंतर तसेच सनस्क्रीन. दोन नव्या वस्तू एकदम लावल्या आणि चेहरा फुलला तर दोषी कोण, ते कळत नाही.

रमजान तिला अवघड गेला. ट्यूब बंद झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात चेहरा इतका सुजला की तरावीहच्या वेळी ती आरशाकडे पाठ करून बसे. आईने दोनदा आम्हाला फोन करून रडत विचारले, एकच दिवस लावू का? तिने स्वतः ती ट्यूब कचऱ्यात टाकली होती, आईने ती पुन्हा काढून ठेवली होती, हेही फोनवरच कळले. निकाहच्या दिवशी गाल लालसरच होते. मेकअपवालीला तिने हात लावू दिला नाही. मॉइश्चरायझर, टिंटचे सनस्क्रीन आणि काजळ, बस्स. व्हिडिओत दिसते तसेच दिसले. मुलाकडच्या दोघी-तिघी कुजबुजल्या, हे आम्ही मागच्या रांगेत बसून ऐकले.

बकरी ईदनंतर ती माहेरी आली तेव्हा आमच्याकडे डोकावली. गालांवरच्या लाल रेषा फिकट झाल्या आहेत, गेलेल्या नाहीत. डॉक्टर म्हणतात, अजून काही महिने लागतील. पण पाणी झोंबत नाही. चहा पिऊन झाल्यावर तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक ट्यूब काढली. सासूबाईंनी दिली होती, "तुझ्या आपांना मागचं वाचायला सांग" म्हणून. आम्ही चष्मा शोधला. अर्धी संपलेली ट्यूब होती, दुमडलेल्या टोकाजवळची अक्षरे पुसत आलेली. उजेडात धरून वाचली : बीटामेथासोन.