नावातील खूण : इटलीतील परित्यक्त अर्भकांची आडनावे

आडनाव हे सामान्यतः कुळाचे, गावाचे अथवा व्यवसायाचे निदर्शक असते. ज्याचे कुळच अज्ञात आहे अशा अर्भकास आडनाव कोठून द्यावे, हा प्रश्न इटलीतील अनाथालयांपुढे शतकानुशतके होता. त्याच्या उत्तरांत तीन प्रवृत्ती दिसतात.

पहिली प्रवृत्ती त्यागाची क्रियाच नोंदविते. नेपल्स येथील आन्नुन्झियाता या संस्थेच्या भिंतीत ‘रुओता’ नावाची फिरती पेटी होती. बाहेरून तीत मूल ठेवून पेटी फिरवावयाची. आत मूल घेणाऱ्यास ठेवणाऱ्याचे तोंड दिसत नसे. अशा मुलांच्या वाट्यास ‘एस्पोझितो’ हे आडनाव येई. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘बाहेर ठेवलेला’. रोमकडील ‘प्रोयेत्ती’चा अर्थही ‘टाकलेले’ असाच आहे.

दुसऱ्या प्रवृत्तीत संस्थाच पित्याची जागा घेते. फ्लॉरेन्समध्ये १४४५ साली सुरू झालेल्या अनाथालयाच्या नावातील ‘इन्नोचेंती’, म्हणजे निष्पाप बालके, हा शब्द आडनाव झाला. मिलानच्या रुग्णालयाचे बोधचिन्ह कबुतर होते. त्यावरून तेथील मुले ‘कोलोंबो’ झाली. अर्थात प्रत्येक कोलोंबो परित्यक्ताचा वंशज नव्हे. पंधराव्या शतकातील जिनोव्हाचा दर्यावर्दी ख्रिस्तोफर कोलंबस याच आडनावाचा होता. केवळ व्युत्पत्तीवरून कुळाचा निर्णय करू नये, तो याचसाठी.

तिसरी प्रवृत्ती ही खूण पुसण्याची. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक मुलास निराळे, कल्पित आडनाव देण्याकडे कल वाढला. मिलानमध्ये ‘कोलोंबो’ देण्याची प्रथा १८२५ साली थांबली. इटलीच्या २००० सालच्या नागरी नोंदणीविषयक नियमांनुसार, मूल अज्ञात मातापित्यांचे आहे हे सूचित करणारे आडनाव देता येत नाही.

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. व्यक्तीस इतरांपासून वेगळे करणे हे नामाचे कार्य. परंतु हजारोंना दिलेले एकच आडनाव व्यक्ती नव्हे, केवळ वर्ग सांगत होते. याउलट फ्लॉरेन्सच्या अनाथालयात काही मुलांसोबत तोडलेल्या पदकाचा अर्धा भाग सापडे. दुसरा अर्धा आणून मूल ओळखता यावे, ही त्यामागील आशा. व्यक्तीची खरी खूण त्या अर्ध्या पदकात होती, आडनावात नव्हती.

आज ‘एस्पोझितो’ हे नेपल्समधील अतिशय प्रचलित आडनाव आहे. नित्य वापराने त्याचा मूळ अर्थ झिजला आहे. कायद्याने जो कलंक पुढे निषिद्ध ठरविला, तो या नावापुरता पिढ्यांच्या उच्चारानेच बराचसा धुऊन निघाला, असे म्हणता येईल.